अभ्रकाचा कंदील

प्रिय कोर्बिनियन,

रीत म्हणून 'प्रिय' लिहिलंय, लगेच फुगू नकोस. माझ्या पेटंटाला आव्हान देणाऱ्या तुझ्या नव्या मालकांनी अपिलाचा निकाल तुला कळवला असेलच. ते रद्द झालं. मोटरच्या तारांवर गुंडाळायचा माझा अभ्रकाचा कागद आता कुणीही बनवावा, कुणीही विकावा.

पेटंटच्या अर्जाआधी तो कागद एकाही परक्या हातात पडायला नको, पडला तर पेटंट टिकत नाही, हा नियम तुला घरबसल्या पाठ होता. तरी मी न्यूर्नबर्गला चाचण्यांत अडकलेली असताना तू माझ्या टेबलावरचे तुकडे मुकाट उचललेस आणि बालवाडीत नेऊन दिलेस. संत मार्टिनच्या सणाच्या मिरवणुकीत मेणबत्तीनं पोरांचे कंदील पेट घेतात, हा घेत नाही, म्हणून तिथल्या बाईंसमोर काय मिरवला असशील! आपल्या व्रोनीचा कंदील पुढे कितीतरी वर्षं घरात फळीवर होता. तिनं त्यावर रंगाचे थर देऊन हंस काढलेला. मी तो हंसच बघत राहिले, खालचा कागद कधी ओळखलाच नाही.

परवा म्युनिकला सुनावणीत तो टेबलावर आला, रंग खरवडलेला. व्रोनी माझ्या मागेच बसली होती. माझे वकील कानाशी लागले, "बाई, तारीख सिद्ध होत नाहीये. हा नंतरचा कागद आहे एवढंच म्हणा, बाकी मी बघतो." अध्यक्षबाईंनी मला सरळ विचारलं. मी कागद उजेडात धरला. अभ्रकाचे असे जाडे दाणे फक्त आमच्या अर्जाआधीच्या पहिल्या खेपेत होते, आणि हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. मी म्हणाले, "अर्जाआधीचा आहे." वकिलांनी कपाळाला हात लावला. तू मात्र कुठे दिसला नाहीस. कंदील पाठवण्यापुरताच शूर!

शिव्या द्यायला हे लिहीत नाही, त्या परतताना गाडीत देऊन झाल्या. व्रोनी तेव्हापासून धड जेवलेली नाही. खोदून विचारल्यावर काल बोलली. उन्हाळ्यात तू तिला आइस्क्रीम खायला नेलंस आणि म्हणालास, "पोरी, तुझा तो कंदील मला दे ना. एकटा राहतो गं, तेवढीच तुझी आठवण." तिनं तो धूळ पुसून, नीट गुंडाळून तुला आणून दिला. आता म्हणते, "आई, तुला मीच बुडवलं." माझं सांगणं तिला पटत नाही. तेव्हा तू ये, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांग की आठवणबिठवण काही नव्हती, तू तिला फसवलंस. त्यानंतर ती तुझं तोंड बघणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही ये.

एके काळी तुझी असलेली,
वालबुर्गा