ह्यांना बस शिकवली

४ फेब्रुवारी

आज आमचा सत्कार! ड्रायव्हर लढाईवर गेले तेव्हा ज्या बायकांनी त्यांच्या बस चालवल्या, त्या सगळ्यांना डेपोत रांगेनं उभं केलं. पाहुणे माईकवर म्हणाले, या युद्धानं राष्ट्राला मोठा धडा दिला — स्त्री कशातही कमी नाही. टाळ्या. मग डेपो मॅनेजरनी एका हातानं गुच्छ दिला आणि दुसऱ्या हातानं ड्रायव्हरचा बिल्ला काढून घेतला. पुरुष परत आलेत, जागा त्यांच्या.

माझी जागा ह्यांना मिळाली. मुळात ती ह्यांचीच. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, नोकरी घरातल्या घरात राहिली.

५ फेब्रुवारी

भांडी घासताना उजवा पाय ब्रेक शोधत होता.

९ फेब्रुवारी

लेकीला शाळेत निबंध — युद्धानं आपल्याला काय शिकवलं? मला विचारायला आली. म्हटलं, मला क्लच शिकवला. तिनं ते लिहिलं नाही. बाईंनी फळ्यावर मुद्दे दिलेत म्हणे: त्याग, एकी, शांततेचं मोल. सासूबाईंनी चौकशी केली, त्यात रेशनची रांग आहे का? नाही.

शेवटी शेवटी तर कोण कशासाठी लढतंय हे आमच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. नदीवरून सुरू झालं. नदी होती तिथेच वाहतेय, हद्दही तिथेच. तह झाला त्या दिवशी दोन्हीकडे विजयाच्या मिरवणुका निघाल्या!

१४ फेब्रुवारी

हे दुपारीच घरी आले. मागोमाग ह्यांचा कंडक्टर आला, त्याच्याकडून कळलं. पुलाच्या तोंडाशी ह्यांनी बस थांबवली, इंजिन बंद केलं आणि प्रवाशांना ओरडून सांगितलं — खाली उतरा, आडवे पडा. एक म्हातारे गृहस्थ खरंच आडवे पडले, स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांत. सांगताना कंडक्टरला हसू आवरेना. मलाही आलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. एक बूट काढला होता, दुसरा काढायचा राहून गेला होता.

मॅनेजरनी थोडी मुदत दिलीय. मग डॉक्टरांची तपासणी आणि गाडीची परीक्षा. नापास झाले की घरी.

१५ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं. काल कंडक्टर गेल्यावर क्षणभर मला बरं वाटलं — बस परत माझ्याकडे येईल म्हणून. लाज वाटली, पण नंतर.

आज मॅनेजरना जाऊन विचारलं. म्हणाले, ह्यांना काढलं तरी जागा तुम्हाला कशी देणार, परत आलेले कितीतरी जण वाट बघताहेत. राष्ट्राला मिळालेला धडा बहुतेक तोंडी होता.

म्हणजे ह्यांना पास करायलाच हवं.

१८ फेब्रुवारी

डेपोमागच्या पटांगणात जुनी बस मिळाली. हे सीटवर, मी मागे दांडा धरून उभी. लग्नानंतर सायकल मला ह्यांनीच शिकवली होती, तेव्हा किती ओरडले होते! मी ओरडले नाही. ओरडावंसं फार वाटलं.

२२ फेब्रुवारी

आज खऱ्या पुलावर नेलं. तोंडाशीच ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी बाजूला घेतली. मग हे आपणहून बोलले. तिकडे असाच एक पूल होता. पुढचा ट्रक ह्यांच्या मित्राचा. एवढंच सांगितलं.

"तुला भीती नाही वाटायची इथे?"

"वाटायची ना. मग मोठ्यानं गाणं म्हणायचे. इतकं बेसूर, की प्रवासी वैतागायचे. त्यांचं ऐकून घेईपर्यंत पूल संपायचा."

हे हसले. कधीपासून ऐकलं नव्हतं ते हसणं. मग आम्ही दोघं गात पूल ओलांडला. वर्षं झाली लग्नाला, पण एकत्र गायलो ते आजच.

२ मार्च

पास! डॉक्टरांचा शेरा — सर्व प्रकारे तंदुरुस्त. गाडीच्या परीक्षेत तर पहिला नंबर. सासूबाई शेजारीपाजारी सांगत सुटल्यात. माझं नाव त्या सांगण्यात नाही. ह्यांनी मात्र जेवताना स्वतःच्या ताटातला मोठा वाटा माझ्या ताटात सरकवला आणि खाली मान घालून म्हणाले, "माणसात आणलंस मला."

रडले बाई.

११ मार्च

ह्यांच्याच बसनं बाजारात गेले. पुलावर हे मोठ्यानं गायला लागले आणि सगळी बस हसली. ह्यांच्या हातातल्या बसचा हेवा आता वाटत नाही, असं आज लक्षात आलं.

रेडिओवर म्हणाले, नदीपाशी काहीतरी किरकोळ झालंय. सासूबाईंनी काही न बोलता सगळे डबे काठोकाठ भरून ठेवले. एवढ्या वर्षांतलं घरात टिकलेलं शिक्षण ते हेच.

१३ मार्च

मॅनेजर स्वतः दारात. लष्कराला ट्रकवर ड्रायव्हर हवेत, यादी परीक्षेच्या नंबरानं लावलीय. पहिला नंबर उद्याच निघतोय. "वहिनी, मानलं तुम्हाला. तुम्ही तयार केलं नसतं तर हे नापासच होते."

ह्यांची बॅग भरतेय. सकाळची पहिली बस परत मला न्यायची आहे.