बाबांसाठी नवा डेक

८ एप्रिल

ठरलं! मागच्या दारचा लाकडी फळ्यांचा डेक उखडायचा!

सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर रक्ताचे ठिपके. माग काढत गेले तर बाबा मजेत पेपर वाचत बसलेले. टाचेत भलंमोठं कुसळ, डेकच्या कुजक्या फळीचं. त्यांना पत्ताच नाही! मणक्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं, तळपाय अजून बधिरच. 'संवेदना येईल किंवा येणारही नाही,' एवढंच डॉक्टर म्हणतात.

चपला घाला म्हटलं की ठरलेलं उत्तर. 'जन्मभर तलावाच्या काठावर अनवाणी उभं राहून पोरं पोहायला शिकवली. आता स्वतःच्या घरात बूट घालू?' आणि डेकवर फेऱ्या मारल्याशिवाय दिवस जात नाही त्यांचा. बोला आता!

९ एप्रिल

शेवटचा विद्यार्थी गाडी शिकून उतरला, तशी थेट दुकानात. कॉम्पोझिट! लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेल्या फळ्या. कुसळ निघत नाही. वाळवी लागत नाही. दरवर्षी घासा, तेल लावा, ही कटकट संपली. मी तिथेच चपला काढून फळीवर पाय घासून पाहिला. विक्रेता हसला. हसू दे!

दोन तुकडे नमुन्याला आणलेत — एक गडद चॉकलेटी, एक फिकट राखाडी. चॉकलेटीवर माझा जीव जडलाय.

१० एप्रिल

दादाचा फोन. 'लाकूड ते लाकूड! प्लास्टिकवर चालायचं आहे का बाबांना?' आणि किंमत तर दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, 'लाकडाला ओरखडा गेला तर घासून काढता येतो. याचं काय करशील?'

मुद्दा बरोबर आहे त्याचा. पण मी कशाला कबूल करू!

फोन ठेवल्यावर गुपचूप लोखंडी खुर्ची ओढून पाहिली नमुन्यावर. ओरखडा गेला. घासून जात नाही. म्हणजे खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या. चहा सांडला, तेल सांडलं — लगेच पुसलं, डाग नाही. वा!

१२ एप्रिल

भर दुपारी चॉकलेटी फळीवर अनवाणी उभी राहिले. आई गं!!

१३ एप्रिल

कालपासून डोक्याला शॉट. मी उडी मारून बाजूला झाले. बाबा उडी मारणार नाहीत. ते शांतपणे फेऱ्या मारत राहतील आणि तळपाय भाजून निघतील. कुसळापासून वाचवायचं म्हणून मी त्यांना तव्यावर उभं करायला निघाले होते!

दादाला सांगितलं. वाटलं, आता 'मी म्हणालो होतो ना' ऐकावं लागणार. तसं काही नाही. एवढंच म्हणाला, 'फिकट फळीवर उभी राहिलीस का?'

राहिलेच नव्हते! चॉकलेटीच्या नादात.

१४ एप्रिल

फिकट फळी — उन्हात तापते, पण पाय टेकवता येतो. कापड बांधून सावली केली तर? मस्त!! दादाला फोन केला. म्हणाला, 'छताचं मी बघतो. कापडाचं का होईना, पण लाकडी खांबांवर.' माझा भाऊ आहे, हार कसा मानेल!

बाबांशी तह : भर दुपारी चपला. सकाळ-संध्याकाळ अनवाणी. हात पुढे करून म्हणाले, 'मंजूर, मास्तरीणबाई.'

२२ एप्रिल

मिस्त्री आले. जुना डेक उचकटला तर खालचा सांगाडाही भुसभुशीत. वरची फळी कसलीही घ्या, खाली मजबूत आधार लागतोच, आणि कॉम्पोझिटला तर खालच्या आडव्या पट्ट्या आणखी जवळ जवळ लागतात. मिस्त्री म्हणाले, 'नाही तर मधेच झोळ पडेल, ताई.' खर्च वाढला. वाढू दे. माघार नाही.

२६ एप्रिल

फळ्या बसायला लागल्या! एकही खिळा वर दिसत नाही. बाबा खुर्ची टाकून देखरेखीला. 'अहो, फटी राहताहेत!' मिस्त्री : 'उन्हात फुगतात, काका. जागा ठेवावी लागते.' बाबा : 'माझ्यासारख्याच. जेवणानंतर मलाही जागा लागते.' दोघं हसत सुटले, काम अर्धा तास ठप्प.

३ मे

झाला! दादाही आला, खांब उभे केले, कापड ताणलं. मग चपला काढल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. मी त्याच्या पायांकडे बघत.

'लाकडासारखं नाही,' म्हणाला. मग — 'वाईट नाही.'

त्याच्या तोंडून हे म्हणजे पदकच! बाबांनी हात धरला माझा. 'कसं वाटतंय बाबा?' विचारलं आणि जीभ चावली. ते हसले. 'दिसायला छान आहे गं.'

९ मे

सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते. बाबांच्या अनवाणी फेऱ्या चाललेल्या, मान वर — शेजारच्या छपरावर दोन कबुतरं भांडत होती. चालता चालता ते एकदम थांबले. नजर अजून कबुतरांवरच.

'इथं पाणी सांडलंस का गं?'

सांडलं होतं. आणि त्यांनी खाली पाहिलंच नव्हतं!