कोबी सापडत नाही

४ एप्रिल

डोकं फिरलंय! पहिल्याच बुडीत चुकीची जागा.

सहा वर्षं झाली, दर वर्षी आम्ही याच प्रवाळांवर उतरतो. तळाशी खडकात ठोकलेले तेच खिळे, त्यांच्यावर तीच चौकट, आणि तेवढ्याच उंचीवरून माझा फोटो. मग गेल्या वर्षीचा शेजारी ठेवला की काय वाढलं, काय मेलं ते कळतं. इतकं सरळ काम. त्यात चौकट ठेवणं होकायंत्राकडे. शास्त्रज्ञ आहे, हुशार आहे, पण पाण्याखालच्या दिशा जगात एकट्यालाच कळतात असा तोरा—म्हणून हे नाव मीच ठेवलंय.

आज नेलं कुठे, तर राखाडी दगडधोंड्यांत! सातव्या खिळ्यापाशी माझा कोबी असतो. प्रवाळच, पण दोन्ही हातांत मावणार नाही एवढा गोल, पिवळसर, आणि एका कडेला कुणी चावा घेतल्यासारखी खाच. आज त्याचा पत्ताच नाही. खिळ्यांचे नंबराचे बिल्ले वादळात गेलेत, म्हणजे याच्या अंतर मोजायच्या टेपवर आणि याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा! पाटीवर लिहून दाखवलं, जागा चुकली. त्याने मान हलवली—बरोबर आहे म्हणे. मी ओरडले. तिथे ओरडून काय, नुसते बुडबुडे.

५ एप्रिल

परत तीच जागा. मुद्दाम!

प्रवाहाला आज जोर होता. जिवंत प्रवाळाला बोटसुद्धा लावायचं नाही, आधार घ्यायचा तर मेलेल्या दगडाचा, हा आमचा कडक नियम. नशीब, चौकटीच्या कडेला एक शेवाळलेला टकलू दगड हाताशी आला. डाव्या हाताने तो घट्ट धरला आणि उजव्या हाताने फोटो काढले. मधेमधे पाटीवर त्याची अक्कलही काढली.

जेवताना विचारलं, कोबी कुठे गेला? म्हणाला, पाय फुटले असतील. आणि हसला! माझी ताटली मी उचलून पलीकडे गेले.

६ एप्रिल

बोलत नाहीये त्याच्याशी. आजही तोच खिळा, तोच टकलू दगड.

७ एप्रिल

आईचा फोन. आवाज तुटत होता, तरी पहिला प्रश्न तोच: "कोबी केवढा झाला गं?" तिने त्याचा फोटो ओट्याच्या वर लावलाय, पाहुण्यांना दाखवते—हा आमच्या धाकटीचा. सांगितलं, एका शहाण्याने रस्ता चुकवलाय, सापडत नाहीये. म्हणाली, एवढी मोठी वस्तू जाते कुठे, नीट बघ. लहानपणी चप्पल सापडत नसली की अगदी याच सुरात बोलायची.

मला रडू आलं. रागाने. दुसरं काही नाही.

८ एप्रिल

शेवटी बाईंकडे गेले. मोहीम त्यांची, त्यांनाच निस्तरू दे. माझे जुने फोटो आणि नवे फोटो त्यांच्यापुढे ठेवले. एकाशी एक जुळेना. त्यांनी होकायंत्राला विचारलं, खात्री आहे? तो हो म्हणाला, एवढंच. ना टोमणा, ना विनोद.

सातव्या खिळ्याचे सगळे फोटो बाद. चुकीची जागा म्हणून पुसून टाकायला सांगितलेत, आणि पुसायचे मीच. तो उद्यापासून बोटीवर सिलिंडर भरणार, पाण्यात उतरणार नाही. बरं वाटलं! खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

जिन्यात गाठ पडली. म्हणाला, "मी चुकलेलो असलो ना, तर मला आनंदच होईल."

काय तिरकस माणूस आहे!

९ एप्रिल

बाईंना घेऊन मी स्वतः शोधलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोबी नाही. मास्क गळत होता, पट्टा काचत होता, सगळ्याचा संताप आला. वर आल्यावर बाईंनी टॉवेल दिला. त्यांचाही राग आला.

१० एप्रिल

बाद फोटो पुसायला बसले. पाच तारखेच्या एका फोटोत कडेला माझा हातमोजा आलाय, टकलू दगडावर. बोटं एका खाचेत रुतलीत. ती खाच मी ओळखते. गेल्या वर्षीचा फोटो वर ठेवून पाहिला. काठाला काठ जुळला.

तो चुकला असता तर किती बरं झालं असतं.

बोटीवर जाऊन त्याला सांगायचंय. मग आईला. मेलेल्या दगडाचाच आधार घ्यायचा—नियम काही मी मोडला नाही.