सुलतान, तुला बैलाचं औषध दिलं

प्रिय सुलतान,

कुत्र्याला पत्र लिहिते म्हणून घरात सगळे हसतायत. हसू देत! आज राजा वाचला आणि ही बातमी आधी तुलाच कळवायला हवी. राजा म्हणजे तुझ्यानंतर आलेला, तुझ्याच जातीचा आपला ग्रेट डेन. तुझ्याइतकाच धिप्पाड आणि तुझ्याइतकाच खादाड.

आठवतं, पपांच्या सायकलमागून तू वसईच्या बाजारात निघालास की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत बसायचे? रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून लोक घरी आले की अंगणाअंगणात तुझं ताट वाढलेलं असायचं. तू एकाही घराला नाही म्हणत नव्हतास. लाज कशी ती नव्हतीच तुला!

त्या सणाच्या दिवशीही सहा घरचं मटण-भात जेवलास आणि लगेच पोरांबरोबर केळीच्या वाडीत उधळलास. तासाभरात पोट टम्म फुगलं. नुसत्या ओकाऱ्या काढत होतास, बाहेर काहीच येत नव्हतं. विहिरीवर पंप बसेपर्यंत पपांनी रहाटाचे बैल सांभाळलेले. बैलाचं पोट फुगलं की तेल पाजायचं आणि चालवायचं, तेच त्यांनी तुला केलं. बाटली मी धरली होती. मुकाट्याने चाललास रे! एकदा तरी गुरगुरायचंस. विहिरीपाशी बसलास तो उठलाच नाहीस.

मागाहून गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या थोराड कुत्र्याचं पोट आतल्या आत पिळवटतं; भरल्या पोटी पळू द्यायचं नाही, फुगलं तर क्षणभरही थांबायचं नाही. त्यानंतर गावात कुणाच्याही गुराला पपांनी औषध सांगितलं नाही.

राजाला मी दिवसातून तीनदा थोडंथोडं खायला घालते, खाल्ल्यावर तासभर बांधून ठेवते. तरी आज शेजारच्या लग्नघरी त्याने तोंड मारलंच. पोट फुगताना दिसलं. मी नुसती उभी. ओटीवरून पपाच ओरडले, "फिलू, तेल नको! केळीचा टेम्पो काढ!"

डॉक्टरांनी नळी घालून हवा काढली. आता राजा माझ्या पायाशी घोरतोय.

तुमची जात फार वर्षं जगत नाही, ठाऊक आहे मला. पुढेमागे राजाची कंबर धरेल, तेव्हा मी त्याला उचलून अंगणात नेईन. पण पोट फुगून त्याला जाऊ देणार नाही. हा माझा शब्द.

आणि हो, संध्याकाळी पपा विहिरीपाशी जाऊन बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. राजाला सोबत घेऊन.

तुझीच,
फिलू