पंधरा मिनिटांचं काम

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आजही पराग भाग्यश्रीकडे! आमच्या मरोदा कॉलनीतल्या क्वार्टरमागच्या लाइनीत राहते ती. तिचा नवरा रायपूरला नोकरीला. काल पराग तिच्या लॅपटॉपमध्ये नवी सिस्टीम टाकायला गेला, तो रात्री नऊला परत. आज पुन्हा — इस्त्रीचा शर्ट घालून! एवढं काय असतं त्यात, विचारलं. "तुले सोपं वाटते काय? पेन ड्राइव्हच घेऊन नाही राहिला तो लॅपटॉप." लग्नाला अकरा वर्षं झाली. माझा मिक्सर बघायला याला कधी वेळ मिळाला नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
ठरलं. घरातला जुना कंप्युटर बंदच पडलाय, त्यात मीच सिस्टीम टाकून बघते. किती वेळ लागतो ते तरी कळेल. व्हिडिओवाला म्हणतो, "बस, पंद्रह मिनट." पंधरा मिनिटं! आणि हा तीन दिवस काय करतोय तिथे? बहीण खुशबूकडून पेन ड्राइव्ह तयार करून आणला. कारण सांगितलं नाही. जळते आहे मी, दुसरं काय!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
एफ टू, एफ ट्वेल्व्ह, डिलीट — सगळी बटणं दाबली. दोन तास नुसता काळा पडदा. बरं वाटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
पेन ड्राइव्ह घेतला एकदाचा! भाषांच्या यादीत मराठी दिसली. इथे घराबाहेर कोण विचारतं मराठीला? हौसेनं तीच निवडली. पासवर्ड टाकला आणि चालू करताना तो चुकीचाच म्हणे! कीबोर्डही मराठी झाला होता, मी काय टाइप केलं देवाला ठाऊक. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. मधेच विचारतं, डिस्क पुसू का? डोळे मिटून 'हो' दाबलं.

म्हणजे खरंच दिवस लागतात. पराग खोटं बोलत नव्हता. मीच मेली संशयी. तिच्याकडे रोज चहा होत असेल, ते अजून सलतं — पण संध्याकाळी त्याच्यासाठी कोथिंबीर घालून सांबारवडी केली. खाल्ली, शर्ट बदलला, गेला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
माझं झालं! परागला दाखवणार होते, पण तो घाईत होता. भाग्यश्रीचं अजून थोडं बाकी आहे म्हणाला.

तो गेल्यावर दहा मिनिटांत दार वाजलं. भाग्यश्री, पेढे घेऊन. "परागभाऊनं सोमवारीच करून देल्लं, वहिनी. एका बैठकीत. मंगळवारपासून पोरगी त्याच्यावरच अभ्यास करून राहिली. भाऊ तं मंग आलेच नाही, म्हटलं आपणच जाऊन यावं. घरी नाही काय ते?"

नाहीत, म्हणाले.