दहा ट्वाडल

अँटॉप हिल,
रविवार दुपार

प्रिय सलोनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून उन्मेष नक्की म्हणाला असेल, 'ताईला झालंय काय?' दादर ते अँटॉप हिल, बसने अर्धा तास, आणि नणंद भावजयीला पत्र लिहिते. फोनवर लिहून पाहिलं मी. चार ओळी झाल्या की पुसून टाकत होते. शेवटी माधवच्या टेबलावरचे कोरे कागद घेतले. कागदावर खोडलं तरी खालचं दिसत राहतं, आणि मला आज तेच बरं वाटतंय.

इकडे सगळं ठीक. आमच्या क्वार्टर्सना सरकारी पिवळा रंग लागतोय, म्हणून चार दिवस खिडक्या बंद करून बसलोय. माधवची पाठ बरी आहे. तू दिलेलं लोणचं संपलं. हे सगळं मी उगाच लिहितेय, हे तुला एव्हाना कळलं असेल. मला बिअरबद्दल लिहायचंय.

बाबांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला तू त्यांना लोअर परळला घेऊन गेलीस. त्यांच्या जुन्या मिलच्या आवारात, जिथे आता काचेआड चकचकीत टाक्या दिसतात आणि लोक तिथेच बनलेली बिअर पितात. मलाही बोलावलं होतंस. मी म्हटलं, ऑफिसात इन्स्पेक्शन आहे. इन्स्पेक्शन नव्हतं. आई गेल्यापासून दीड वर्ष बाबा धड बोलत नव्हते, आणि मला वाटायचं की ते बोलायला लागले तर माझ्याशी लागतील. मग तूच फोन करून सांगितलंस, की ते त्या टाक्यांपुढे उभे राहिले, 'इथे आमचं रंगखातं होतं' म्हणाले, आणि तिथल्या माणसाला विचारत सुटले. उकळी किती वेळ देता, गार कशाने करता, मोजता कशाने. त्याला पंधरा मिनिटं सोडलं नाही. येताना टॅक्सीत तू सहज म्हणालीस, 'बाबा, आपण घरी करून बघू या का?' आणि ते म्हणाले, 'मोजायची काडी आहे माझ्याकडे. पोलीस आले तर सुनेने करायला लावलं म्हणून सांगेन.' तू फोनवर हसत होतीस. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मी घासलेली भांडी पुन्हा घासली.

त्या काडीची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. काचेची, खाली फुगीर, वर बारीक देठ आणि देठात आकड्यांची पट्टी. रंगाच्या पाण्यात तरंगत सोडायची. पाणी जितकं दाट, तितकी ती वर येते. मिलमध्ये त्या आकड्यांना ट्वाडल म्हणायचे. बाबांकडे निळ्या मखमलीच्या लाकडी पेटीत अशा दोन काड्या होत्या. मी नऊ वर्षांची असताना, दूधवाला पाणी घालतो असं आई म्हणाली म्हणून, स्टुलावर चढून पेटी काढली आणि दुधात काडी सोडायला गेले. दोन नंबरची काडी ओट्यावर फुटली. बाबा ओरडले नाहीत. काचा वेचल्या, पेटी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि आईला म्हणाले, 'हिचा हात धसमुसळा आहे.' एवढंच. पुढे शाळेत मी वह्या सुबक ठेवल्या, ऑफिसात माझ्या फायली सगळे बघायला मागतात, रांगोळीला मला चाळीतून बोलावणं यायचं. पण पेटी खाली आली नाही, आणि मीही कधी मागितली नाही. म्हणून, पहिली बिअर लावायच्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात ती पेटी उघडी बघितली, तेव्हा माझ्या हातातली पिशवी मी चुकीच्या खुर्चीवर ठेवली आणि ती खाली पडली. बाबांनी वळून बघितलं. मला तेच 'धसमुसळा' पुन्हा ऐकू आलं.

तो रविवार मला सगळा पाठ आहे. तू जवाचं आणि गव्हाचं मोड आणून वाळवलेलं धान्य बंगळूरहून मागवलं होतंस, भरडून. ते ज्या पिशवीत घालून शिजवायचं, तीही मागवली होतीस. बाबांनी ती चिमटीत धरली, उजेडात बघितली आणि बाजूला टाकली. 'हे कापड नाही, हा प्लॅस्टिकचा पडदा आहे.' मग स्वतः जाऊन मलमल आणली, आणि नव्या कापडात खळ असते ती आधी निघाली पाहिजे म्हणून तासभर उकळून, तीनदा पाणी बदलून, तुला शिवायला दिली. तू चाळीस वर्षांची बाई, कंपनीत तुझ्या हाताखाली वीस माणसं, आणि जमिनीवर बसून त्यांच्या सांगण्याप्रमाणे टाके घालत होतीस. मी विचारलं, 'बाबा, मी काही करू?' ते म्हणाले, 'तू बस नूपुर, इथे गरम होतंय.' आईच्या मोठ्या टोपात सहासष्ट अंशांवर धान्य तासभर ठेवायचं होतं. तुम्ही दोघं थर्मामीटरवर वाकला होतात, एकदा तू गॅस कमी करायचीस, एकदा ते. मग कडवटपणासाठीच्या त्या हिरव्या फुलांच्या गोळ्या, हॉप्स. तेवढी एक पुडी तू माझ्या नाकाशी धरलीस, 'ताई, वास घे.' तू मला सामील करून घेत होतीस. ते मला कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

सगळं गार झाल्यावर बाबांनी उंच ग्लासात थोडं काढलं आणि काडी तुझ्या हातात दिली. 'देठाला धर. वरून. आता अलगद सोड, ढकलू नकोस, तिची ती उभी राहते.' सलोनी, मी त्यांची मुलगी आहे शेहेचाळीस वर्षं, आणि त्यांना काही शिकवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. काडी डोलली, थांबली. 'दहा ट्वाडल,' बाबा म्हणाले. तू फोनमध्ये बघून म्हणालीस, पुस्तकात तर एक पूर्णांक शून्य पाच हवं लिहिलंय. 'दहा भागिले दोनशे कर, त्यात एक मिळव.' तू केलंस आणि तेवढंच आलं. मग तुम्ही दोघं असे हसलात की उन्मेष बाहेरच्या खोलीतून बघायला आला. त्या संध्याकाळी त्यांनी मिलमधली जुनी लांब वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'खेप पहिली. शरच्चंद्र व सलोनी.'

पुढचे दिवस तुला आनंदाचे गेले असतील. मी रोज रात्री आठला बाबांना फोन करते, बारा वर्षं करतेय. आधी गुडघे, मग झोप, मग 'बरं, ठेव आता.' आता ते सांगायचे, 'आज मिनिटाला बावीस बुडबुडे.' मोरीतल्या टबात पाणी, पाण्यात यीस्ट घातलेल्या बिअरची बादली, बादलीला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि समोर स्टुलावर बाबा मनगटी घड्याळ लावून. थंड पाण्याच्या बाटल्या कधी बदलल्या, तोटीतून रोज सहा वाजता काढून मोजल्यावर काडी कुठे थांबली (साखर संपते तसा आकडा दहावरून उतरतो, दोनवर आला की बाटल्या भरायच्या), आणि मोजलेलं परत ओतायचं नाही हा तुझा नियम, म्हणून ते कसे पिऊन टाकतात. 'औषध समजून,' असं म्हणायचे. 'सलोनी म्हणते' हे शब्द त्या फोनमध्ये किती वेळा यायचे ते मी मोजायला लागले होते. मोजायची सवय आमच्या घराण्यातलीच.

पंधरवड्याने बाटल्या भरल्यात, आणखी पंधरवड्याने आपण सगळे जमलो. तुम्ही मांदेली तळली होतीत. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पहिली बाटली त्यांनी उघडली, ओतली, घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. उन्मेषने चव घेतली आणि म्हणाला, 'हे तर ताक झालं.' त्याने गमतीने म्हटलं. तो तसाच आहे. दुसरी बाटली, तिसरी, सगळ्या आंबट. तू लगेच म्हणालीस, 'बाबा, माझी चूक. बाटल्या नीट उकळल्या नसतील मी.' तू उकळल्या होत्यास, मला माहीत होतं. बाबांनी वही मागवली, चष्मा वर करून पानं बघितली आणि मिटली. 'तुझी नाही. मोतीबिंदूनंतर हा डोळा भरवशाचा नाही राहिला. मी दोन वाचलं, चार असणार. कच्चं असतानाच भरलं.' आणि मी काय केलं, तुला आठवत असेल. त्यांच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, 'असू दे हो बाबा, पहिलाच प्रयत्न होता.' किती गोड आवाजात म्हणाले मी. उन्मेष 'ताक' म्हणाला त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. क्षणभरच. पण वाटलं होतं.

मग गेल्या गुरुवारी मी आले, नेहमीसारखी, तुम्ही दोघं ऑफिसात असताना. बाबा वर्तमानपत्र न उघडता बसले होते. टब कोरडा होता. म्हणाले, बादली कुणाला हवी असेल तर देऊन टाका म्हणून सांगितलंय. मग उठले, कपाटातून पेटी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. 'तू ठेव. सलोनी मला दुखवणार नाही, पुन्हा करू म्हणत राहील. पण ज्याला आकडा वाचता येत नाही त्याने काडी बाळगू नये. तुझं सगळं व्यवस्थित असतं.'

सदतीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पेटी आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. तीन दिवस झाले, मी ती उघडलेली नाही.

सलोनी, बिअर मी नासवली. खेप लागल्यावर चार दिवसांनी, गुरुवारीच. बिरडं घेऊन आले होते, बाबा जेवून झोपले होते. मी दर वेळी करते तसं त्यांच्यासाठी दही लावलं, आईसारखं, बोटाने विरजण दुधात कालवून. मग हात नळाखाली धरला, पदराला पुसला आणि मोरीशी गेले. दारावर तुझ्या अक्षरातला कागद होता, 'हात आणि वस्तू उकळत्या पाण्यातून किंवा औषधातून काढल्याशिवाय झाकण उघडू नये.' मी तो पूर्ण वाचला. पेटी खिडकीत होती. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, असं मी महिनाभर स्वतःला सांगतेय. पण तो कागद तू लिहिला होतास, माझ्या बाबांच्या मोरीच्या दारावर, आणि म्हणूनच मी तो पाळला नाही. झाकण उघडलं, त्याच बोटांनी देठ धरला आणि काडी सरळ बादलीत सोडली. देठ निसटला तेव्हा बोटं फेसापर्यंत बुडाली. ती डोलली आणि उभी राहिली. माझा हात थरथरला नाही, काही फुटलं नाही. मी इतकी खूश झाले की झाकण लावायचं विसरून तशीच बघत राहिले. दही त्या दिवशी फार छान लागलं होतं, बाबा फोनवर म्हणाले.

पेटी या पत्राबरोबर पाठवतेय, माधव आणून देईल. मी स्वतः यायला हवं होतं; तेवढं धैर्य झालं नाही, गुरुवारी येईन. तोपर्यंत तू माझ्यावर चिडून घे. पण हे पत्र बाबांना आजच वाचून दाखव, विरजणाची ओळ न गाळता, त्यांना खरंच दोन दिसलं होतं हे त्यांना कळायला हवं. पुरावा आहे माझ्याकडे. त्या गुरुवारी दुपारी तीन वाजता, कुणी बघत नसताना, माझ्या चांगल्या डोळ्यांनी मी जो आकडा वाचला तो तीन होता. बिअर चाखायला जमलो त्या दिवशी बाबांनी वही मिटून ठेवल्यावर मी ती चोरून उघडली. गुरुवार, संध्याकाळी सहा, बाबांचं अक्षर, तीन ट्वाडल. त्यांचा डोळा चुकला नव्हता. हे सांगू शकेल असं माणूस या जगात एकच आहे, म्हणून लिहिलं. टब भरून ठेव.

तुझीच, हात उकळत्या पाण्यातून काढून येणारी,
नूपुरताई