नातीची बॅग

३ मार्च, सकाळ
आज जीव कसा थाऱ्यावर नाही. नात चहा घेताना म्हणाली, मला या घरात राहायचं नाही. सोळा वर्षांची पोर! सुनेनं छळलं असणार, दुसरं काय. नातीची वही मी रोज वाचते, तिच्याच खोलीत झोपते ना. हल्ली ती कुलपात ठेवते. किल्ली सापडली मला. वहीत नाव नाही, नुसतं 'ती'. ती माझं कपाट उचकते, ती मला जाडी म्हणते. सूनबाई एवढ्या थराला गेली असेल असं वाटलं नव्हतं. जाडी मीपण म्हणते, पण मायेनं.

५ मार्च
वकीलबाईंकडे जाऊन आले. जिना फार उभा, गुडघे बोलायला लागले. बाई म्हणाल्या, अठरा पूर्ण होईपर्यंत आईबापांच्या परवानगीशिवाय घर सोडता येत नाही. घरात त्रास असेल तर तक्रार द्यायची, मग बालकल्याणच्या ऑफिसरबाई घरी येऊन चौकशी करतात. अठरानंतर मात्र कधीही जा, कुणाची सही लागत नाही. हे मी दोनदा लिहून घेतलं. माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं, तेव्हा घर सोडायला मला कुणी फॉर्म मागितला नव्हता.
सुनेविरुद्ध तक्रार मीच दिली. अक्षर वाकडं, पण मजकूर सरळ.

८ मार्च
नातीची बॅग भरून खाटेखाली ठेवली. दोघी तिच्या मावशीकडे राहू. मावशीला अजून सांगितलेलं नाही. आनंदाचा धक्का बसेल.

१२ मार्च
ऑफिसरबाई आल्या. नातीशी स्वयंपाकघरात दार लावून बोलल्या. मी दाराला कान लावला, पण मेल्या पोरीनं नळ सोडून ठेवला होता. मग माझ्याजवळ बसल्या. किती गोड बाई! मी सगळं सांगितलं. दर रविवारी मी शेजारणींसमोर पोरीचं वजन करते, तिला आलेलं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, केवढे हसलो. बाई भराभर लिहीत होत्या. आता सुनेची खैर नाही.

१५ मार्च
ऑफिसरबाईंचा निकाल आला. नातीनं घर सोडायची गरज नाही म्हणे. मी विचारलं, मग त्रास देणारीचं काय? मुलगा चपलांकडे बघत बसला. नात म्हणाली, "आजी, मला फक्त माझी खोली हवी होती."
एकटी सूनबाई रडली. म्हणाली, या वयात सासूबाई कुठं जातील? नाटकी कुठली.

२० मार्च
हवापालटाला आलेय. महिनाभरच, असं मुलगा म्हणाला. खोलीत सहा खाटा, माझी दाराजवळ, वारा छान. घाईत तीच भरलेली बॅग दिली त्यांनी. आत नातीचे चार ड्रेस निघाले. एकही मला होत नाही.

२१ मार्च, दुपार
नातीचे ड्रेस परत द्यायला निघाले. फाटकावरच्या माणसानं अडवलं. माझी ही वही उघडून त्याला वकीलबाईंचं वाचून दाखवलं, अठरानंतर कुणाची सही लागत नाही. मी चौऱ्याहत्तरची आहे.
तो म्हणाला, "आजी, बाहेर जायला मुलाची सही लागते."